पक्ष्यांच्या फोटोंसाठी कॅमेरा बॉडी: नवी घ्यायची की सेकंडहँड?

दिवाळी उरकते, भिगवणला पाहुणे पक्षी उतरायला लागतात आणि ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "ताई, ऐंशी हजार साठवलेत. कोणती बॉडी घेऊ?" मी उलट विचारते, "लेन्स कोणती घेणार?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ती नंतर बघू." हिशेब तिथेच चुकतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. पक्ष्यांचे फोटो नव्याने काढणाऱ्याने पैशाचा मोठा वाटा लेन्सवर घालावा आणि बॉडी, म्हणजे लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा, एक पिढी जुनी, वापरलेली, पण स्वतः तपासून घ्यावी. काही जणांनी मात्र नवीच घ्यावी. ते कोण, तेही खाली सांगते.

आधी लेन्स

लालबुड्या बुलबुल शेपटीसकट साधारण २० सेंटिमीटरचा. तो १० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ५०० मिमीची लेन्स आहे, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे १० मिलिमीटर पडते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सने ५५ मिमीवर काढलात, तर जेमतेम एक मिलिमीटर. तो एक मिलिमीटर कितीही महागड्या बॉडीला मोठा करता येत नाही. पक्ष्यांसाठी ४०० मिमी ही मी किमान मर्यादा धरते, ५००-६०० असेल तर उत्तम.

निकॉनची २००-५०० एफ ५.६, सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६००, कॅननची १००-४०० मार्क २ आणि तिची जुनी ४०० एफ ५.६ प्राइम (झूम नसलेली) या लेन्स आपल्याकडच्या पक्षी-मंडळींत वर्षानुवर्षं फिरत आहेत, त्यामुळे सेकंडहँड बाजारातही दिसतात. कॅननच्या त्या ४०० प्राइमला हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, पण वजन सव्वा किलोच्या आसपास. निकॉनची २००-५०० ट्रायपॉडच्या कॉलरसकट २ किलो ३०० ग्रॅम भरते. दुकानात दोन मिनिटं पेलून काही कळत नाही. कवडी पाटाला नदीकाठी तासभर हातात धरलीत की मनगट सांगेल. वजनाचा विचार आत्ताच करा, कारण जड म्हणून घरी राहिलेल्या लेन्सने कुणाचेच फोटो येत नाहीत.

लेन्स ठरली की बॉडीची यादी आपोआप आखूड होते. इथे दोन खड्डे आहेत. निकॉनच्या जुन्या एएफ लेन्स, म्हणजे ज्यांच्यात स्वतःची मोटर नाही अशा, डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीवर फोकस करत नाहीत, कारण फिरवणारी मोटर त्या बॉडीतही नसते. एफटीझेड हा निकॉनचा अडॅप्टर लावून मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या बॉडीवर, चढवल्या तरी तेच. दुसरा खड्डा याच्या उलट: २००-५०० सारख्या इलेक्ट्रॉनिक अ‍ॅपर्चरच्या नव्या लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बदलू देत नाहीत. कॅननवाल्यांचं इथे सोपं आहे. ईएफ, म्हणजे आरसा असलेल्या डीएसएलआरच्या लेन्स, अडॅप्टरने आर मालिकेच्या मिररलेस बॉडीवर छान चालतात. आज जुनी डीएसएलआर घेऊन उद्या मिररलेसवर जायचं असेल तर लेन्स वाया जात नाही.

क्रॉप की फुलफ्रेम

"फुलफ्रेमच घे, ती प्रोफेशनल" असा सल्ला हमखास मिळतो. (फुलफ्रेम म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, क्रॉप म्हणजे त्याहून लहान.) पक्ष्यांसाठी तो डोळे झाकून घेऊ नका. वरचाच बुलबुल आता २० मीटरवर न्या. सेन्सरवरची प्रतिमा ५ मिलिमीटर झाली, मग सेन्सर क्रॉप असो वा फुलफ्रेम. निकॉन डी५०० च्या २०.९ मेगापिक्सेल क्रॉप सेन्सरवर त्या ५ मिलिमीटरमध्ये साधारण ११८० पिक्सेल बसतात. कॅनन आर६ च्या २० मेगापिक्सेल फुलफ्रेमवर साधारण ७६०. म्हणजे लांबच्या पक्ष्याची पिसं मोजायची तर क्रॉप बॉडी पुढे. आर६ अंधारात जास्त स्वच्छ फोटो देईल, हे तितकंच खरं. डी८५० सारखी ४५ मेगापिक्सेलची फुलफ्रेम दोन्ही साधते, पण तिच्या फाइली भारी, मग लॅपटॉप आणि हार्डडिस्कही भारी लागतात. पहिली बॉडी घेणाऱ्याला मी क्रॉपच सुचवते.

तुम्ही कुठे फोटो काढणार?

भिगवणला कुंभारगावच्या होडीत बसून चित्रबलाक, शेकाटे, चक्रवाक टिपायचे असतील तर उजेड भरपूर, पार्श्वभूमी मोकळी आणि पक्षी मोठा. दहा वर्षांपूर्वीची चांगली डीएसएलआर तिथे आजही कमी पडत नाही. कॅनन ७डी मार्क २ (२०१४) आणि निकॉन डी५०० (२०१६) या दोन्ही सेकंदाला १० फोटो काढतात, फोकसचे बिंदू अनुक्रमे ६५ आणि १५३, आणि दोन्हींचं शटर २ लाख क्लिकसाठी तपासलेलं. डी७२०० स्वस्तात मिळते आणि तिची फोटोची प्रत उत्तम आहे, पण १४-बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सलग १८ फोटो झाले की ती अडखळते. सेकंदाला पाच, म्हणजे साधारण साडेतीन सेकंद. कवड्या खंड्या हवेत थरथरत थांबतो आणि सूर मारतो, तेव्हा बोट आधीच दाबून बसलात तर नेमक्या सुराच्या क्षणी कॅमेरा मुका होतो. बोट आवरायची सवय लावलीत तर चालून जातं.

आता पावसाळ्यातलं कोकण घ्या. जूनमध्ये कर्नाळ्याच्या जंगलात तिबोटी खंड्या आहे. चिमणीहूनही लहान, गर्द सावलीत, वर पाऊस. एफ ६.३ ला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ३२०० सहज लागतो, ६४०० सुद्धा. जुन्या बॉडीचे रंग इथे मळकट होतात. फांद्यांच्या जाळीत फोकस पुढच्या पानावर जाऊन बसतो. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यालाच धरून ठेवणारा नवा मिररलेस कॅमेरा इथे खरोखर उपयोगी पडतो. (घरट्यापाशी मात्र कोणताच कॅमेरा घेऊन बसू नका. पिलांना चारा घेऊन आलेला खंड्या माणूस दिसला की आत जात नाही, आणि पिलं उपाशी राहतात.)

एका वहीत लिहा: मागच्या वर्षी किती सकाळी बाहेर पडलात, त्यातल्या पाणवठ्यावर किती आणि जंगलात किती. ठिकाणं तुमची आहेत, निर्णय तिथूनच येतो.

नवी कुणी घ्यावी

उडते आणि झाडीतले पक्षी हीच तुमची ओढ असेल, आणि लेन्सला लागणारे पैसे बाजूला काढूनही बजेट उरत असेल, तर नवी मिररलेस घ्या. कॅनन आर७ आणि आर१० (२०२२), सोनी ए६७०० (२०२३), निकॉन झेड५० मार्क २ (२०२४) या क्रॉप बॉडी पक्षी ओळखतात. आर७ चा सेन्सर ३२.५ मेगापिक्सेलचा, लांबच्या पक्ष्यासाठी वरदान. पण तिचं इलेक्ट्रॉनिक शटर वापरून उडणारी पाकोळी टिपलीत तर पंख वाकडे येऊ शकतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. उडत्या पक्ष्यांना मेकॅनिकल शटर ठेवा. त्यातही ती सेकंदाला १५ फोटो देते.

आसपास कुणी जाणकार नाही, दुरुस्तीचं दुकान दोनशे किलोमीटरवर आहे, तपासणी करायला मन धजत नाही, अशांनीही नवीच घ्यावी. वॉरंटीचे पैसे अशा वेळी सार्थकी लागतात. आणि नवी घ्यायची तर पक्क्या बिलाची, भारतातल्या वॉरंटी कार्डाची. बिलाशिवाय काही हजार स्वस्त मिळणारा ग्रे मार्केटचा नग म्हणजे नव्याचे पैसे देऊन सेकंडहँडची जोखीम. दुबईहून किंवा अमेरिकेहून भाऊ-भाचा आणणार असेल तर त्या बॉडीची वॉरंटी इथल्या सर्व्हिस सेंटरात चालेल का, हे मॉडेलचं नाव सांगून आधी विचारून घ्या.

सेकंडहँड बॉडी येते कुठून

आपल्याकडे जुन्या बॉडीचा मोठा ओघ लग्नाच्या फोटोग्राफर मंडळींकडून येतो. लगीनसराई संपली की जून-जुलैत बरेच जण बॉडी बदलतात. भाव नरम असतो आणि तुम्हाला हिवाळ्यापर्यंत सरावाला चार महिने मिळतात. पण लग्नातली बॉडी म्हणजे घाम, गुलाल, अक्षता आणि तासन् तास व्हिडिओ. व्हिडिओचे तास शटर काउंटमध्ये (शटर किती वेळा उघडलं त्या आकड्यात) धरले जात नाहीत, हे ध्यानात ठेवा. २५ हजार क्लिकची बॉडी मांडवात दोन सीझन व्हिडिओला राबलेली असू शकते.

दुसरा ओघ हौशी पक्षी-मित्रांचा. त्यांचा काउंट जास्त असतो, पण काळजीही जास्त. एका सकाळी दीड हजार क्लिक सहज होतात. वर्षाचे पन्नास रविवार धरले तर ७५ हजार. म्हणून पक्षीवाल्याच्या डी५०० वर ९० हजारांचा आकडा दिसला तर दचकू नका. २ लाख हा कंपनीने चाचणी घेतलेला आकडा आहे. त्या दिवशी शटर बंद पडेल असं नाही, आणि त्याआधी पडणारच नाही असंही नाही. शटर बदलता येतं. भाव ठरवताना तो खर्च मनात धरायचा, इतकंच. निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही, तिथे या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुकानातून घेतलेल्या सेकंडहँड बॉडीला महिना-तीन महिन्यांची हमी मिळते का, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी हा मधला रस्ता चांगला.

समोर बॉडी आली की

चार्ज केलेली बॅटरी, स्वतःचं वेगवान कार्ड, तुमची लेन्स, बारीक टॉर्च आणि लॅपटॉप घेऊन जा. भेट दिवसाउजेडी ठेवा.

आधी बाहेरून. कोपरे चेपलेत का, स्क्रूच्या खाचा ओरखडलेल्या आहेत का. ओरखडे म्हणजे बॉडी कुणीतरी उघडली होती. का, ते विचारा. लेन्स लावून हलकेच हलवा, माउंटमध्ये खेळ नको. रबरी ग्रिप सुटलेली किंवा चिकट झालेली असेल तर ती बदलता येते, पण बॉडी दमट जागी पडून होती याची ती खूण. ७डी मार्क २ असेल तर सीएफ कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून सगळ्या पिना सरळ उभ्या आहेत का बघा. एक वाकलेली पिन पुढे सगळी खाच निकामी करते.

बुरशी मुंबई-कोकणातल्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू. लेन्समधली बुरशी सगळे बघतात, बॉडीतली कुणी बघत नाही. लेन्स काढून आरशावर, वरच्या फोकसिंग स्क्रीनवर आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेत तिरपा उजेड टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की नमस्कार करून निघा.

मग सेन्सर. एफ १६ ला, फोकस बाहेर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. मऊ कडांचे करडे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. लेन्सला टोपी लावून एक सेकंदाचं एक्स्पोजर घ्या. एखाददुसरा चमकता ठिपका चालेल, चांदणं पसरलेलं नको.

शटर काउंट निकॉनमध्ये फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. ताजा फोटो कार्डवरून थेट लॅपटॉपवर घ्या आणि एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने वाचा. विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो कामाचा नाही, वाटेत ती नोंद गळून जाते. कॅननच्या बऱ्याच बॉडी हा आकडा फाइलमध्ये लिहीत नाहीत, केबल जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. तो कसा काढायचा ते घरूनच शिकून जा.

बॅटरीची तब्येत बॉडीच सांगते. निकॉनच्या मेनूत ० ते ४ असा वयाचा आकडा असतो, ० म्हणजे नवी. कॅननमध्ये रिचार्ज क्षमतेच्या पट्ट्या दिसतात.

आणि बटणं, डायल, जॉयस्टिक. यावर मी जरा थांबते, कारण माझी पहिली सेकंडहँड बॉडी इथेच फसली. काउंट कमी, सेन्सर स्वच्छ, बिल हजर. खुशीत घेऊन आले. आठवड्याने कवडी पाटाला चक्रवाकांची जोडी पाण्यावरून उठली, मी मागचा डायल एक टिचकी फिरवला आणि शटर १/२००० वरून १/६४० वर उडालं. पुन्हा फिरवला तर १/२५००. डायलच्या आतले संपर्क झिजले होते. सगळे फोटो हलले. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. दुरुस्तीला गेलेले पैसे धरले तर दुकानाच्या हमीची बॉडी त्याच भावात पडली असती. तेव्हापासून मी प्रत्येक डायल एकेक टिचकीने पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवते आणि आकडा एकही पायरी गाळत नाही ना, ते डोळ्यांनी बघते. जॉयस्टिकने फोकसचा बिंदू चारही कोपऱ्यांत नेऊन आणते. पाच मिनिटं लागतात.

पक्ष्यावरच तपासा

घरातल्या सोफ्यावर फोकस करून पक्ष्यांचा कॅमेरा कळत नाही. विकणाऱ्याला विनंती करा, अर्धा तास बाहेर जाऊ. दुर्मिळ पक्षी नको, घार आणि कबुतरं पुरेत. घार गोल फिरते, तिला कंटिन्युअस (पक्ष्यासोबत सरकणाऱ्या) फोकसवर धरा, १/२००० ला तीन-चार बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंच्या सरी, घ्या. मग कबुतर अंगावर येताना. फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बघा. दहापैकी सहा-सात धारदार असतील तर उत्तम, तुमचा हातही अजून शिकतोय. पण सगळेच फोटो सारख्याच अंतराने पक्ष्याच्या मागे किंवा पुढे फोकस झालेले असतील तर दोष लेन्स आणि बॉडीच्या जुळणीचा आहे. डी७२००, डी५००, ७डी मार्क २ मध्ये फोकसची बारीक जुळणी मेनूतून करता येते. डी३५००, १५००डी सारख्या सुरुवातीच्या बॉडीत ती सोय नाही, तिथे सौदा सोडलेला बरा.

शेवटी कार्ड भरेपर्यंत बर्स्ट चालू ठेवा. कॅमेरा अडकला, एरर आली, तर ती आत्ताच येऊ दे.

विकणारा या सगळ्याला कसा सामोरा जातो, तेही बघा. चिपळूणला एका निवृत्त काकांकडे ७डी मार्क २ बघायला गेले होते. मी विचारलं, "काका, का विकताय?" ते म्हणाले, "खांदा दुखतो गं. आता दुर्बिणीनेच बघतो." मग त्यांनी आतून हवाबंद डबा आणला. सिलिका जेलच्या पुड्या, आर्द्रता दाखवणारा छोटा काटा, आणि झाकणावर पेनाने पुड्या शेवटच्या तापवल्याची तारीख. बॉडी हातात घ्यायच्या आधीच माझा अर्धा निर्णय झाला होता. तपासणी तरीही सगळी केली, आणि काकांनीच भिंतीवर टॉर्च धरून मदत केली.

पैसे आणि कागद

सगळं पसंत पडेपर्यंत टोकनही देऊ नका. "दुसरं गिऱ्हाईक वाटेवर आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याला घेऊ द्या. बॉडीवरचा सीरियल नंबर बिलाशी आणि खोक्याशी जुळवा. बिल नसेल तर नाव, तारीख, मॉडेल, सीरियल नंबर आणि रक्कम लिहून विकणाऱ्याची सही घ्या, पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. चोरीचा कॅमेरा निघाला तर हाच कागद तुमच्या बाजूने उभा राहील. चार्जर मूळ कंपनीचा आहे ना, मेनूतली भाषा बदलता येते ना, हेही तिथेच उरकून घ्या.

भावाचा माझा ठोकताळा: त्याच मॉडेलच्या, दुकानाने हमी दिलेल्या नगापेक्षा परस्पर सौदा निदान दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त पडायला हवा. तितका फरक नसेल तर दुकानातूनच घ्या. आणि ठरवलेल्या रकमेतले काही हजार बाजूला ठेवा: एक नवी बॅटरी, एक वेगवान कार्ड, एकदा सेन्सरची सफाई.

घरी आणल्यावर

बॉडीची सेटिंग रीसेट करा. आधीच्या मालकाने बटणांना वेगळीच कामं नेमलेली असतात आणि दोन दिवस आपण कॅमेऱ्याला दोष देत बसतो. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर घ्या, सवय व्हायला आठवडा लागतो. सीरियल नंबरचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा.

बॅगेत कॅमेरा कायमचा ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. बॅगेचा फोम दमटपणा धरून ठेवतो आणि बुरशी तिथूनच लागते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर काकांसारखा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि काटा पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू दे. ६० च्या वर सरकला की पुड्या बाहेर काढून मंद तव्यावर कोरड्या करा, पूर्ण गार झाल्या की परत डब्यात, आणि झाकणावर तारीख.

पहिले दोन आठवडे लांब जाऊ नका. गच्चीवरून घारी, अंगणातला दयाळ, तारेवरचा वेडा राघू. राघू किडा पकडायला झेपावतो आणि बहुतेक वेळा त्याच तारेवर परत येतो. तारेच्या त्या तुकड्यावर आधीच फोकस धरा आणि परतण्याची वाट बघा. बॉडीचा बर्स्ट किती टिकतो आणि बोट नेमकं कधी दाबायचं, हे त्याच तारेखाली तासाभरात कळेल.